साहेबाची केस

आमच्या घरात वाद घालायला टोकन लागायचं. ही थट्टा नाही. वेताचं एक मोठं कडं होतं, त्याला चामड्याची पिशवी शिवलेली, आणि पिशवीत लाकडाचा गोळा. ज्याच्या हातात कडं, त्यानं बोलायचं, बाकीच्यांनी तोंड मिटून ऐकायचं. बोलून झालं की उठून ते समोरच्याच्या हातात द्यायचं. फेकायचं नाही, खाटेवर ठेवायचं नाही, हातातून हातातच द्यायचं.

बाबा छोट्या लाईनीवर पॉइंट्समन होते. छोटी लाईन म्हणजे रायपूरहून धमतरीकडे जाणारी अरुंद रुळांची गाडी. रूळ एकच आणि गाड्या दोन्हीकडून येणार. त्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून दोन स्टेशनांच्या मधल्या तुकड्यासाठी टोकन असे, लोखंडाचा एक गोळा. तो हातात आल्याशिवाय ड्रायव्हरनं गाडी पुढे न्यायची नाही. बाबा प्लॅटफॉर्मच्या कडेला कडं उंच धरून उभे राहत आणि ड्रायव्हर चालत्या इंजिनातून हात बाहेर काढून ते उचलून नेई. लहानपणी मला वाटायचं, बाबांनी हात खाली केला तर सगळी रेल्वे बंद पडेल. खरं सांगायचं तर बाबांनाही तसंच वाटायचं.

ते रिटायर झाले तेव्हा पिशवी फाटलेलं एक कडं भंगारात निघालं होतं. रेल्वेच्या साहेबाची सही घेऊन ते त्यांनी घरी आणलं. लोखंडी गोळा सरकारचा, तो मिळाला नाही. मग आईनं जुन्या दिवाणाच्या पायाचा लाकडी गोळा काढून पिशवीत घातला आणि पिशवी शिवून दिली. त्याच आठवड्यात मी आणि बाबा कशावरून तरी एकाच वेळी ओरडत होतो. बाबांनी भिंतीवरचं कडं काढलं, माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "एका लाईनीवर एकच गाडी. बोल तू. मी थांबतो."

तेव्हापासून तो आमच्या घरचा रिवाज झाला. दर रविवारी सकाळी विहारात वंदना, मग रायपुरातल्या भनपुरीच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरी चहा, आणि चहाबरोबर केस. केस म्हणजे साहेबाची केस. इंग्रजांनी आपलं भलं केलं की वाटोळं, हा आमचा खटला वर्षानुवर्षं चालला. बाबा साहेबाचे वकील. मी कॉलेजात इतिहास शिकवते, त्यामुळे फिर्यादीची बाजू आपोआप माझ्याकडे आली. आई स्वयंपाकघरातून विचारायची, "आज केस आहे का? म्हणजे भात उशिरा टाकते."

बाबांचं म्हणणं साधं होतं. आमचे लोक भंडाऱ्याकडचे. गावाच्या विहिरीवर जायची सोय नव्हती, शाळेत बसायची नव्हती. दुष्काळात बाबांचे आजोबा छोट्या लाईनीच्या मातीकामाला आले. त्यांचा मुलगा गँगमन झाला, त्याचा मुलगा पॉइंट्समन, आणि पॉइंट्समनची पोरगी प्रोफेसर.

"रेल्वेच्या नळानं जात इचारली नाही," बाबा कडं मांडीवर घेऊन म्हणत. "तोटी फिरवली, पाणी आलं. आपल्या मानसायच्या राज्यात हे झालं होतं का? साहेब लुटारू होता, मले का माहीत नाही? पण माया घरातून त्यानं लुटलं काय असतं? घरात होतं काय?"

मग कडं माझ्याकडे येई. मी म्हणायची, घरात नव्हतं, पण जंगलात होतं. सरईची, म्हणजे सालाची झाडं कापून कापून रुळांखालचे स्लीपर केले, लाकूड नेलं, धान नेलं, आणि ती लाईन बांधली कोणी, तर उपाशी माणसांनी. पोट भरत नव्हतं म्हणून टोपल्यांनी माती वाहायला आलेल्यांना काम दिलं, हा उपकार कसला? आणि फौजेत आपल्या लोकांना घेतलं, लढवलं, आणि गरज सरल्यावर दारं बंद केली, ते कुठं गेलं? जाता जाता तरी साहेबानं गावची विहीर खुली केली का? नाही. त्याला गावच्या पाटलाशी भांडण नको होतं.

बाबा ऐकत. मध्ये बोलत नसत, पण पायाचा अंगठा हलायचा. अंगठा हलला की समजायचं, उत्तर तयार आहे.

एकदा आईनं येऊन कडं माझ्या हातातून घेतलं. "इंग्रज जाऊन इतके वर्सं झाले," ती म्हणाली, "तुम्ही दोघं कधी जाता? भात थंडा होऊन राहिला." बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. असे आमचे रविवार होते. मी त्यांना किती गृहीत धरलं होतं, ते आता कळतं.

बाबांच्या वकिलीत एक साक्षीदार होता आणि तो फोडता येत नसे. आमच्या घरची ती पवित्र गोष्ट. लाईनीचं काम चाललं असताना, भर उन्हात, गोरा इंजिनिअर घोड्यावरून उतरला. त्याची पाण्याची बाटली संपली होती. जवळ उभे होते बाबांचे आजोबा, त्यांच्याजवळ मातीचं मडकं आणि पितळी पेला. साहेबानं हात पुढे केला. आजोबा मागे सरले, कारण त्यांना मागे सरायचीच सवय होती. साहेबानं पेला त्यांच्या हातातून घेतला आणि सगळ्या मजुरांच्या, मुकादमांच्या देखत घटाघट पाणी प्याला. आमच्या माणसाच्या हातचं पाणी कोणीतरी पहिल्यांदा प्यालं, आणि तो माणूस राज्य करणारा होता.

मी ही गोष्ट पाळण्यात ऐकली, शाळेत निबंधात लिहिली. लग्न ठरताना बाबांनी ती माझ्या सासऱ्यांनाही सांगितली. पुढे माझी पोरगी नीट बसायला लागली तेव्हा तिलाही. ती मराठी समजते, पण उत्तर हिंदीत देते. "फिर क्या हुआ, नाना?" ती विचारायची. बाबा म्हणायचे, "फिर काय? साहेब पाणी पी के चला गया." आणि उठून जायचे. मला तेव्हा त्यात काही वावगं दिसलं नाही.

दोन वर्षांपूर्वी जयंतीच्या आठवड्यात विहाराच्या मंडळानं वादविवाद ठेवला. विषय कोणीतरी आमच्याच घरातून उचलला होता: इंग्रजी राज्य, शाप की वरदान. वस्तीत सगळ्यांना आमची केस ठाऊक होती. मंडळाचे लोक म्हणाले, बाप-लेकच बोलू द्या, रंगत येईल. बाबा लाजले आणि मग लगेच हो म्हणाले. पंधरा दिवस त्यांनी तयारी केली. आई सांगायची, पहाटे उठून आंगणात फेऱ्या मारतात आणि स्वतःशी बोलतात.

त्या दिवशी त्यांनी पांढरा शर्ट घातला होता, कडक इस्त्रीचा. कडं त्यांनी सोबत आणलं, खोबरेल लावून चकचकीत केलेलं. मंचावर त्यांनी लोकांना टोकनचा नियम समजावून सांगितला. लोकांना मजा वाटली, टाळ्या पडल्या. मग त्यांनी कडं माझ्या हातात दिलं. "पहिले तू. तू पाहुणी आहेस."

मी चांगलं बोलते. हे माझं कौतुक नाही, तो माझा रोग आहे. समोर माणसं बसली की मला जिंकावंसं वाटतं. मी सरईचं सांगितलं, धानाचं सांगितलं, उपाशी मजुरांचं सांगितलं. लोक माना डोलवत होते. आणि मग मला सुचलं. घरात इतकी वर्षं मी ज्या गोष्टीला हात लावला नव्हता, तिच्यावर मी चारशे डोळ्यांसमोर हात टाकला.

"आमच्या घरात एक गोष्ट सांगतात," मी म्हणाले. "साहेब आमच्या पणज्याच्या हातचं पाणी प्याला. त्यात समता कुठली? त्याला तहान लागली होती. तहान लागली की माणूस कोणाच्याही हातचं पितो."

हशा आणि टाळ्या. असल्या टाळ्या मला कॉलेजात कधी पडल्या नव्हत्या. मागून कोणीतरी "वा मॅडम" म्हणालं. मी बाबांकडे पाहिलं. ते माझ्याकडेच पाहत होते. पायात चप्पल होती, अंगठा दिसला नाही.

मी मंचावरून उतरले. कॉलेजच्या दोन मुली आल्या, फोटो काढूया म्हणाल्या. मग मंडळाचे एक काका आले, मग आणखी कोणी. नवऱ्याचा फोन आला, पोरीला ताप आहे, लवकर ये. मी गर्दीतून तशीच गाडीकडे गेले आणि निघाले. कडं माझ्या खांद्याला अडकवलेलं होतं. मी ते मागच्या सीटवर टाकलं, हेही मला आठवत नाही.

पुढे काय झालं ते नंतर कळलं. बाबा माईकपाशी गेले. हात पुढे केला, जशी सवय, आणि हातात काही आलं नाही. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. मग माईकवर म्हणाले, "टोकन पुढं गेलं. आता गाडी सुटत नाही." लोक हसले. त्यांना वाटलं, म्हाताऱ्यानं विनोद केला. मंडळाचे लोक म्हणाले, काका, बोला ना असंच, टोकन कशाला पाहिजे. बाबांनी मान हलवली आणि जाऊन खुर्चीवर बसले. मग जेवणाची पंगत सुरू झाली.

जी चूक आमच्या घराशिवाय कुठल्याच घरात चूक म्हणून मोजली जाणार नाही, ती मी केली होती. रेल्वेत असं व्हायचं. ड्रायव्हरच्या नजरचुकीनं टोकन पुढच्या स्टेशनात द्यायचं राहून तो ते घेऊनच निघून जायचा. मग मागची सगळी लाईन अडकून पडायची. बाबा सांगत, अशा वेळी स्टेशननं धावाधाव करायची नसते. ज्यानं नेलं, त्यानंच परत पाठवायचं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे नेताना पोरीनं मागच्या सीटवर कडं पाहिलं. "मम्मी, ये तो नाना का है ना?" मी म्हणाले, हो, रविवारी देऊ. रविवारी पेपर तपासायचे होते. पुढच्या रविवारी सासूबाई आल्या होत्या. माझं शंकर नगरचं घर ते भनपुरी हे काही परदेश नाही, गाडीनं अर्धा तास. पण खरं कारण मी आता लिहूनच टाकते. मला राग होता. बाबा फोन करून म्हणतील, काय व पोरी, माया गोष्टीवर हसवलंस लोकांना, असं मला वाटत होतं. ते भांडले असते तर मी माफी मागितली असती. ते भांडलेच नाहीत. फोनवर डाळीबद्दल बोलायचे, नातीच्या परीक्षेबद्दल विचारायचे. साहेबाचं नाव नाही. मी समजले, बाबा हरले. आणि इतक्या वर्षांची केस जिंकल्याचा मला आनंद झाला, हेही लिहिते, कारण लपवून काय मिळणार.

असे सात-आठ महिने गेले. मी भनपुरीला जात होते, पण कधी सणाला, कधी औषधं द्यायला, उभ्या उभ्या. कडं शंकर नगरच्या कपाटावर पडून राहिलं. बाबांनी एकदाही विचारलं नाही. भिंतीवरचा त्याचा खिळा तसाच रिकामा होता. मी तो पाहिला होता.

पौषातल्या एका सकाळी आईचा फोन आला. बाबा चहाचा कप उचलायला गेले आणि कप खाली पडला. लकवा मारला होता. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, समजतं त्यांना सगळं, फक्त शब्द येणार नाहीत. मी विचारलं, कधी येतील? डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते नर्सला काहीतरी सांगू लागले.

मी घरी गेले, कपाटावरून कडं काढलं. धूळ बसली होती, ती ओढणीनं पुसली. दवाखान्यात बाबांच्या डाव्या हातात ते दिलं. हातातून हातात. "बाबा, चुकून नेलं होतं," मी म्हणाले. "तुमची पाळी आहे. बोला."

त्यांनी कडं घट्ट धरलं. चेहरा लाल झाला. ओठ एका बाजूला ओढले जात होते, आवाज येत होता, पण त्या आवाजात शब्द नव्हता. बराच वेळ ते प्रयत्न करत राहिले. मी मध्ये बोलले नाही. नियम होता. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मी बाहेर व्हरांड्यात पळाले.

आई मागून आली. ती बाकावर माझ्याशेजारी बसली आणि तिनं मला ते सांगितलं.

"त्याईले त्या दिवशी बाकीची गोष्ट सांगाची होती," ती म्हणाली.

"कोणती बाकीची?"

"साहेब पाणी प्याला, थे खरं. पण साहेब गेल्यावर मुकादमानं अन् बाकीच्याईनं तुया बाबाच्या आज्याले फावड्याच्या दांड्यानं मारलं. साहेबाले बाटवलं म्हणून. पेला धरला होता ना, त्याच हाताचे बोटं मोडले. दुसऱ्या दिवशी साहेब रुळावरच्या ट्रॉलीवरून आला. सुजलेला हात पाह्यला. मुकादमाले इचारलं. मुकादम काय बोलला कोण जाणे. साहेबानं मान हलवली अन् ट्रॉली पुढं गेली."

आई आपल्या पदराचा काठ चिमटीत धरून बसली होती.

"मंग मले कधी सांगितलं काहून नाही?" माझ्या तोंडून लहानपणीची भाषा आली.

"मी म्हणलं होतं त्याईले, सांगा. तं म्हणायचे, पोरीले एक तरी गोष्ट चांगली राहू दे. मंग जयंतीच्या टायमाले म्हणाले, आता पोरगी मोठी झाली. आता दोन्ही बाजू सांगतो. पाणी बी सांगतो अन् ट्रॉली बी सांगतो. पोरगी अर्धी बरोबर आहे, असं सगळ्यायसमोर म्हणतो. पंधरा दिवस मले बसवून ऐकवत होते. मले पाठ झालं."

तेव्हा मला ते आंगणातलं फेऱ्या मारणं आठवलं. मी समजत होते, बाबा मला हरवायची तयारी करताहेत. ते मला निम्मी केस देणार होते, वस्तीसमोर, स्वतःच्या आज्याची मोडलेली बोटं पुढं ठेवून. त्याच गोष्टीवर मी त्यांच्या आधी लोकांना हसवलं. आणि बोलायची पाळी खांद्याला अडकवून घरी घेऊन गेले. हे कोणी माझ्याशी केलं असतं तर मी जन्मभर बोलले नसते. बाबा फोनवर डाळीबद्दल बोलत राहिले.

बाबांना घरी आणलं. पुढचे तीन रविवार मी सकाळीच भनपुरीला गेले. पोरगीही यायची. बाबा खाटेवर, कडं डाव्या मनगटात. आई चहा करायची, मी समोर वेताच्या बुटक्या मोड्यावर बसायची. बाहेरून ट्रक जायचे, खिडकीच्या काचा वाजायच्या. बाबा माझ्याकडे पाहायचे, कधी ओठ हलवायचे, कधी नुसते पडून राहायचे. कडं त्यांनी सोडलं नाही. म्हणजे बोलणं चालू होतं. दुसऱ्या रविवारी त्यांनी घशाकडे खूण केली. मी चमच्यानं पाणी पाजलं. ते माझ्या हातचं घोट घोट पीत होते आणि मला माझंच मंचावरचं वाक्य ऐकू येत होतं. थोडं पाणी त्यांच्या मानेवर सांडलं. आईनं टॉवेल दिला.

तिसऱ्या रविवारी बाबांनी मनगट वर केलं. मला आधी कळलं नाही. पोरगी म्हणाली, "मम्मी, नाना दे रहे हैं आपको." त्यांनी कडं माझ्याकडे धरलं होतं, जमेल तेवढं उंच, चालत्या गाडीला देतात तसं. मी उठले आणि घेतलं.

त्यांचं बोलून झालं होतं. आता पाळी माझी.

इतकी वर्षं माझ्याकडे किती बोलणं होतं. तुमचं बरोबर होतं, म्हणावं तर ते खोटं होतं, आणि बाबा खोटं लगेच ओळखत. माझं बरोबर होतं, हेही खोटं होतं. मला चुकलं म्हणायचं होतं. ट्रॉली पुढं गेली ते आईनं सांगितलं, म्हणायचं होतं. मीही त्या ट्रॉलीसारखीच पुढं निघून गेले, म्हणायचं होतं. मी कडं धरून उभी राहिले आणि रडत राहिले. बाबा वाट पाहत होते. मध्ये बोलायचं नाही, हा नियम ते अजूनही पाळत होते. वाट पाहता पाहता त्यांना झोप लागली. मी म्हटलं, उठले की सांगते. बुधवारी ते गेले.

शहरातली छोटी लाईन आता उखडली. तिच्या जागेवर रुंद रस्ता झाला आहे आणि मी त्याच रस्त्यानं कॉलेजला जाते. परीक्षेत दरवर्षी तो प्रश्न असतो: इंग्रजी राजवटीचे परिणाम, गुण आणि दोष. पोरं मध्ये रेघ मारून दोन रकाने करतात. एका बाजूला रेल्वे, दुसऱ्या बाजूला दुष्काळ. मी मार्क देते. दोन्ही रकान्यांत मला एकच हात दिसतो, पेला धरलेला.

कडं माझ्याकडेच आहे. आई म्हणाली होती, त्यांच्यासोबत जाऊ दे. मी दिलं नाही. माझं बोलायचं राहिलं आहे, आणि बोलून झालं की ते ज्याच्या हातात द्यायचं, तो हात आता नाही.